पन्हाळा ते विशाळगड : एका दिवसाची वाट

मुघल वास्तू पाहायच्या म्हटले की आपण आग्रा, दिल्ली, फार तर औरंगाबादेतला बिबी का मकबरा आठवतो. विशाळगडाच्या शाहूवाडी तालुक्यात मुघलांनी उभारलेले काही दिसत नाही. पण इथल्या घाटांनी त्यांची दमछाक पाहिली आहे. 1701च्या अखेरीस औरंगजेब स्वतः मलकापूरमार्गे आंबा घाटातून विशाळगडावर चालून आला. जून 1702मध्ये, तेही पैसे मोजून, गड त्याच्या हाती आला. त्याने नाव ठेवले सख्खरलना. परतताना पावसाने गाठले. पन्हाळ्यापर्यंतच्या जेमतेम पन्नास किलोमीटरला त्या अफाट फौजेला महिन्याहून अधिक काळ लागला. माणसे, जनावरे ओढ्यांत वाहून गेली.

2025मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत आला आणि पर्यटकांची वर्दळ वाढली. बहुतेक गाड्या मात्र तीन दरवाजा, अंबरखाना पाहून माघारी फिरतात. म्हणून या अंकात आम्ही जाणत्या वाटाड्याबरोबरची एका दिवसाची सहल मांडली आहे : सकाळी पन्हाळा, मग मलकापूर, पावनखिंड, दुपारनंतर विशाळगडावर बाजीप्रभू-फुलाजींची समाधी. 13 जुलै 1660ची पावनखिंडीतली झुंज आपल्याला पाठ असते; 1702चा पावसाळाही त्याच डोंगरांचा आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

वाचकहो, तुमच्या गावात औरंगजेबाच्या या स्वारीच्या आठवणी, जुनी कागदपत्रे असतील तर आम्हाला जरूर लिहा.