वर्ण न दिसण्याची किंमत

प्रतिनिधित्वाची चर्चा बहुधा शिरगणतीपाशी येऊन थांबते. कोणत्या वर्णाची किती माणसे पडद्यावर दिसली हे मोजले, की समीक्षा आटोपली. डॅनी बॉयल दिग्दर्शित आणि रिचर्ड कर्टिस लिखित ‘यस्टरडे’ (२०१९) या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो आणि तरीही एक अवघड प्रश्न मागे ठेवतो.

कथा अद्भुताची आहे. १२ सेकंद साऱ्या जगाची वीज जाते. त्या अंधारात जॅक मलिक हा इंग्लंडमधील सफक परगण्यातला अयशस्वी गायक बसच्या धडकेने कोसळतो. पुढे त्याच्या ध्यानात येते, की बीटल्स होऊन गेले याची जगाला आठवणच नाही. त्यांची गाणी तो स्वतःची म्हणून गातो, जगप्रसिद्ध होतो आणि त्या नादात जुनी मैत्रीण एली हिला गमावू लागतो.

जॅकची भूमिका हिमेश पटेल या गुजराती वंशाच्या ब्रिटिश नटाने केली आहे. कर्टिस यांच्याच ‘नॉटिंग हिल’वर (१९९९) बहुवंशीय वस्ती जवळजवळ गोरीच दाखवल्याची टीका झाली होती. त्या पार्श्वभूमीवर हा बदल लहान नव्हे. शिवाय इथे जुलमी बाप नाही, ठरवून लावलेले लग्न नाही, वंशद्वेषी हल्ला नाही. संजीव भास्कर आणि मीरा स्याल यांनी उभे केलेले आईवडील पोराचे गाणे नीट ऐकूनही घेत नाहीत. कधी बोलण्यात, कधी दारावरच्या पाहुण्यात ते अडकते. हे घर कोणाचेही असू शकते. त्याच वर्षीच्या गुरिंदर चड्ढा यांच्या ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’मध्ये पाकिस्तानी वंशाच्या नायकाला पावलोपावली आपल्या वंशाला सामोरे जावे लागते. जॅकला मात्र सामान्य असण्याची मुभा मिळते, आणि ही मुभा मोलाची आहे.

परंतु नटाची निवड वर्णनिरपेक्ष झाली, तरी कलाकृतीचा अर्थ वर्णनिरपेक्ष राहत नाही. बीटल्सचा भारताशी संबंध वरवरचा नव्हता. १९६५ मध्ये जॉर्ज हॅरिसनने त्यांच्या गाण्यात सतार वाजवली, पुढे तो रविशंकरांकडे शिकला, १९६८ मध्ये चौघेही ऋषिकेशला गेले. हा वारसा एका भारतीय वंशाच्या तरुणाच्या स्मृतीत उरावा, यात केवढी नाट्यमय शक्यता होती! चित्रपट तिच्याकडे पाहतही नाही. उलट मध्यवर्ती स्थान मिळालेला नायक केवळ दुसऱ्यांच्या गाण्यांचा वाहक ठरतो; त्याच्या स्वतःच्या गाण्याला श्रोता नाही. गोऱ्या नटाने ही भूमिका केली असती, तर ती कहाणी प्रतिभेच्या अभावाची झाली असती. पटेल ती करतात तेव्हा तिच्यात उसन्या आवाजाचा अर्थही मिसळतो. लेखकाला तो अभिप्रेत नसेल, पण संहिता आणि देह मिळूनच पात्र बनते.

या मौनाला एकच तडा जातो. जाहिरातीच्या बैठकीत ‘व्हाइट अल्बम’ हे नाव विविधतेच्या दृष्टीने अडचणीचे म्हणून बाद होते. प्रेक्षक हसतात. पण ज्याच्या नावाने ही तबकडी निघणार, तो गोरा नाही, याचा त्या खोलीत कोणी उच्चारही करत नाही. विविधता हा तिथे विक्रीचा शब्द आहे. समोर बसलेल्या माणसाशी त्याचा संबंध नाही.

मला जॅकच्या माथी वंशाचे ओझे लादायचे नाही. त्याने सतार हाती घ्यावी, अशीही मागणी नाही. पात्राला वंशापलीकडे जाऊ देणे आणि त्याचा वंश पाहायचेच नाकारणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच म्हणायचे आहे. पहिलीत स्वातंत्र्य आहे, दुसरीत सोय. विस्मरणावर उभ्या असलेल्या या चित्रपटाला बीटल्स आठवतात. बीटल्सनी कोणाकोणाकडून काय घेतले, हे मात्र तोही विसरतो.