फाईल सापडते, पण धंदा दिसतो का? फाईलींची यादी टेबलात आणा



पाटसपासून दौंडपर्यंत झेरॉक्स, फोटो स्टुडिओ, फ्लेक्स, ऑनलाईन फॉर्म अशा कुठल्याही दुकानातला कॉम्प्युटर उघडा. डेस्कटॉपवर काय दिसतं? 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'फायनल', 'फायनल खरंच'. पाच-सहा वर्षांत हजारो फाईल जमतात आणि कुठली कुठं आहे हे फक्त कामावरच्या पोराला माहीत असतं. उद्या ते पोरगं कुरकुंभच्या एमआयडीसीत लागलं की तुमचा अर्धा धंदा त्याच्यासोबत गेला.

माझं मत स्पष्ट आहे. महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी आहे त्या फाईलींची यादी टेबलात आणा. फुकटात होतं, एका दुपारी होतं.

काही जण म्हणतील, "सर्च आहे की!" आहे, पण सर्च एक फाईल शोधून देतो, हिशोब देत नाही. मागच्या लग्नसराईत वरवंडच्या किती पत्रिका केल्या? कुसेगावचं कुठलं गिऱ्हाईक वर्षभर फिरकलं नाही? हे टेबलच सांगतं. सातबारा ऑनलाईन काढताना आपण फाईलचं नाव विचारतो का? जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकतो आणि उतारा समोर येतो. तीच शिस्त आपल्या दुकानात आणायची.

कसं करायचं?

एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरचं असेल तर 'डेटा' मध्ये जा, 'गेट डेटा', 'फ्रॉम फाईल', मग 'फ्रॉम फोल्डर'. कामाचा मुख्य फोल्डर निवडा. आतल्या सगळ्या उपफोल्डरसकट यादी येते. इथं 'कम्बाईन' दाबू नका, ते फाईलींच्या आतला मजकूर एकत्र करायला जातं. 'ट्रान्स्फॉर्म डेटा' दाबा. नाव, प्रकार, तारखा, फोल्डरचा पत्ता असे वेगवेगळे कॉलम मिळतील.

खरी मेख पुढं आहे. फाईलचं नाव 'फायनल' असेल तर टेबलातही 'फायनल'च येणार. म्हणून आजपासून नाव एकाच साच्यात द्या: नाव_गाव_काम_2025-06-14. मग 'स्प्लिट कॉलम' ने अंडरस्कोअरवर तोडलं की चार कॉलम तयार. साचा मात्र मोडायचा नाही. एखाद्यानं नावातच जादा अंडरस्कोअर टाकला की कामाच्या जागी गाव येतं.

तारीख नावातच का? कारण फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर कॉपी केली की 'तयार केल्याची तारीख' कॉपीच्या दिवसाची होते. आणि वर्ष आधी लिहिलं की तारखेच्या कॉलमवर सॉर्ट केल्यावर फाईली तारखेच्या क्रमाने लागतात.

अजून एक सावधगिरी. नवीन फाईल आल्यावर 'रिफ्रेश' केलं की यादी ताजी होते, पण टेबलाशेजारी हातानं लिहिलेली उधारी किंवा शेरा जागेवर राहील याची खात्री नाही. एकाची बाकी दुसऱ्याच्या नावासमोर गेली तर भांडण ठरलेलं. पैशाचा हिशोब वेगळ्या शीटमध्ये, बिल नंबरने ठेवा.

यादी म्हणजे बॅकअप नव्हे

टेबलात फक्त नाव आणि पत्ता असतो. हार्डडिस्क गेली तर काम गेलंच. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

आणि यादी पहिल्यांदा बघाल तेव्हा एक गोष्ट टोचेल: लोकांच्या आधार आणि बँक पासबुकांचे केवढे स्कॅन पडून आहेत! गिऱ्हाईकानं ते एका फॉर्मसाठी दिले होते, कायमचे नाही. काम संपलं की वैयक्तिक माहिती पुसायची, हेच 2023 च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्याचंही तत्त्व आहे. टेबलात 'आधार' फिल्टर लावा, जुने स्कॅन डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामा करा. गावात धंदा विश्वासावर चालतो. तो विश्वास आपल्या हार्डडिस्कवर पडलेला असतो.

जुन्या सगळ्या फाईलींची नावं बदलत बसू नका, त्यात महिना जाईल. फक्त या महिन्याच्या फाईलींपासून सुरुवात करा. महिनाअखेरीला टेबल उघडून बघा, कुठल्या गावातून आणि कुठल्या कामातून गिऱ्हाईक येतंय. पुढची मशीन घ्यायची की नाही, ते त्या आकड्यांवर ठरवा.

अडलं तर कमेंटमध्ये विचारा.