रकाना कोणी आखायचा?

राज्ययंत्रणा नागरिकाकडे कोणत्या नजरेने पाहते हे ओळखायचे असेल, तर तिच्या अर्जाचा नमुना वाचावा. ज्याच्यासाठी त्या नमुन्यात रकाना असतो, तो माणूस यंत्रणेच्या लेखी अस्तित्वात असतो. ज्याच्यासाठी नसतो, त्याचे कष्ट, त्याचे नुकसान आणि त्याचा हक्क ही सारी कागदाबाहेर राहतात. मराठवाड्याला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. तलाठ्याच्या दप्तरातील २१ गाव नमुन्यांपैकी ७-अ हा कुळवहिवाटीचा, तर ७-ब हा खातेदाराव्यतिरिक्त अन्य व्यक्तीच्या ताब्यातील जमिनीचा. निजामी राजवट संपल्यावर १९५० साली हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला आणि 'संरक्षित कूळ' ही ओळख कायद्याच्या पुस्तकात आली. ज्यांची नावे दप्तरात लागली त्यांना कायद्याचा आधार मिळाला. ज्यांची लागली नाहीत ते वर्षानुवर्षे तेच रान कसूनही परके ठरले. एका रकान्याचे मोल किती असते, याचा याहून स्पष्ट धडा दुसरा नाही.

आता दप्तर संगणकात गेले आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करता येऊ लागली. तलाठ्याच्या सवडीवर अवलंबून असलेली नोंद शेतकऱ्याच्या हाती आली, हा बदल स्वागतार्हच आहे. परंतु हाती आले ते रकाना भरण्याचे काम. रकाना आखण्याचा अधिकार होता तेथेच राहिला. रेणापूर तालुक्यात दुसऱ्याचे रान बटईने घेऊन सोयाबीन पिकवणाऱ्याचा घाम शेवटी खातेदाराच्याच खात्यावर नोंदला जातो, आणि नुकसानभरपाईचा हिशेबही बहुधा त्याच नावामागे जातो. संगणकीकरणाची आपल्याकडील चर्चा यंत्र आले की नाही, या प्रश्नापाशी थांबते. यंत्रातील रकाने कोणी आखले, हा त्यापुढचा आणि अधिक राजकीय प्रश्न आहे.

साधन काय आहे?

गेल्या दीड-दोन दशकांत अशी काही साधने निर्माण झाली आहेत की, त्यांच्यामुळे हा प्रश्न रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावीही व्यवहाराच्या पातळीवर विचारता येतो. चेन्नईच्या झोहो कंपनीचे 'क्रिएटर' हे २००६ सालचे, न्यूयॉर्कचे 'बबल' २०१२ सालचे. नंतर त्यांची संख्या बरीच वाढली. यांसाठी संगणकात वेगळे काही बसवावे लागत नाही. नेहमीचा ब्राउझर उघडायचा. पडद्याच्या कडेला सुटे भाग मांडलेले असतात: नावाची चौकट, तारखेची चौकट, यादी, बटण, तक्ता. हवा तो भाग ओढून पानावर ठेवायचा. भरलेली माहिती साठवण्याची व्यवस्था मागे आपोआप उभी राहते. मग नियम सांगायचे: अमुक तारीख उलटली आणि हा रकाना रिकामा असेल, तर सचिवाला निरोप जावा. प्रोग्रामरची सांकेतिक भाषा बहुतांशी लिहावी लागत नाही. तयार झालेले काम गावातील कोणाच्याही मोबाइलवर उघडते.

या कल्पनेचा पूर्वज १९७९ सालचा आहे. 'व्हिजिकॅल्क' या नावाने आकडेमोडीचा पहिला यशस्वी तक्ता त्या वर्षी वैयक्तिक संगणकावर आला. तोवर हिशेबाची नवी रीत यंत्राला शिकवायची तर कारकुनाला प्रोग्रामरच्या दारी जावे लागे; तक्त्याने ती रीत त्याची त्यालाच मांडू दिली. आज एक्सेलवर वर्गाचा निकाल लावणारा जिल्हा परिषदेचा शिक्षक त्याच परंपरेतला आहे. नवी साधने त्या तक्त्याला दार, खिडक्या आणि कुलपे बसवतात, एवढाच फरक. पण तो लहान नाही. एका माणसाचा तक्ता आता संस्थेची नोंदवही होऊ शकतो.

तालुक्याच्या उपयोगाचे काय?

एक उदाहरण घ्यावे. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने सिंचन व्यवस्थापनात स्थान मिळाले. रेणा मध्यम प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात अशी एखादी संस्था पाणीपाळीचा हिशेब स्वतः ठेवू पाहते, असे समजू. वादाचे मुद्दे सर्वांना ठाऊक असतात: पाणी कोणाच्या रानात किती वेळ गेले, वरच्यांनी किती अडवले, टेलपर्यंत पोहोचले की नाही. संस्थेचा सचिव आणि गावातील एखादी वाणिज्य पदवीधर मुलगी यांनी ब्राउझरवर बसून गट क्रमांक, पीक, मागणीची तारीख, पाणी सुटल्याची व बंद झाल्याची वेळ असे रकाने आखले, आणि 'खातेदार' या रकान्याशेजारी 'कसणारा' असा वेगळा रकाना घातला, तर हे काम आठवड्या-दोन आठवड्यांचे आहे. प्रत्येक सभासदाला ती नोंद दिसू लागली की टेलच्या शेतकऱ्याची तक्रार कुरकुर राहत नाही. तिला तारीख आणि वेळ चिकटते. अशी नोंदवही शासकीय अभिलेख ठरत नाही, हे खरे. पण ग्रामसभेत किंवा पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्यापुढे तिचे पान ठेवता येते.

हेच काम पुण्यातील एखादी कंपनी का करीत नाही? कारण उघड आहे. स्वतंत्र सॉफ्टवेअर घडवण्याचा स्थिर खर्च मोठा असतो आणि शे-दोनशे सभासदांच्या संस्थेची ऐपत लहान असते. बाजारपेठ गरज मोजत नाही, क्रयशक्ती मोजते. स्थिर खर्च खाली आणणारे साधन म्हणूनच समाजवाद्यांच्या आस्थेचा विषय असले पाहिजे. दुसरा मुद्दा रोजगाराचा. लातूर पॅटर्नने जी मुले घडवली त्यांतील पुष्कळशी पुण्या-बंगळुरूला गेली. मागे राहिलेल्या पदवीधरांपैकी काही जण सेवा केंद्रात बसून इतरांचे अर्ज भरून देतात. अर्ज भरून देणारा हात नमुना घडवू लागला, तर गावातील शिक्षित श्रमाचे मोल बदलेल.

खंडाचा प्रश्न

एवढ्यावर थांबणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. यांतील बहुतेक साधने कंपनीच्या सर्व्हरवर चालतात आणि महिन्याच्या आकारणीवर मिळतात. गूगलने २०१६ साली 'ॲप मेकर' नावाचे असेच साधन जाहीर केले. जानेवारी २०२० मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ते बंद पडले. साठवलेली माहिती वाचवता येत होती. परंतु बांधलेली ॲप्स जशीच्या तशी दुसरीकडे नेता येणार नाहीत, असे कंपनीनेच वापरणाऱ्यांना कळवले. ज्यांनी ती बांधण्यात आपली बुद्धी आणि वेळ घातला, त्यांना पुन्हा पायापासून सुरुवात करावी लागली.

कुळाने खंडाच्या रानात विहीर खोदावी आणि जमीनमालकाने पुढच्या हंगामात रान काढून घ्यावे, तसा हा प्रकार आहे. जमिनीत केलेल्या सुधारणेचा लाभ कोणाला, कसणाऱ्याला की मालकाला, हा अर्थशास्त्रातील जुना वाद येथे नव्या वेषात उभा राहतो. साधन बंद पडले नाही तरी धोका टळत नाही. पाच वर्षांच्या नोंदी एका कंपनीच्या कोठारात गेल्या की बाहेर पडण्याचा खर्च राहण्याच्या खर्चाहून जास्त होतो, आणि ज्याला निघता येत नाही त्याच्याकडून वाढीव खंड वसूल करणे सोपे असते. अलीकडे साध्या वाक्यात गरज सांगितली की संपूर्ण ॲप मांडून देणारी यंत्रणाही आली आहे. तिने श्रम आणखी वाचतील. पण त्यामागची प्रचंड यंत्रसामग्री मोजक्या कंपन्यांच्या हाती असल्याने मालकीचा प्रश्न त्यातून अधिकच तीव्र होणार आहे.

तज्ज्ञांचा आक्षेप

अनुभवी अभियंते म्हणतात की, अननुभवी हातांनी बांधलेल्या या वस्तू धोक्याच्या असतात. या आक्षेपात तथ्य आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवर ॲप्स' या साधनावर बांधलेल्या संकेतस्थळांतून सुमारे ३ कोटी ८० लाख नोंदी कोणालाही वाचता येतील अशा उघड्या राहिल्याचे प्रसिद्ध झाले. पण ही संकेतस्थळे बांधणाऱ्यांत अमेरिकेतील मोठ्या कंपन्या आणि राज्य सरकारेही होती, ही गोष्ट तितक्याच ठळकपणे नोंदवली पाहिजे. माहिती बंदिस्त ठेवण्याची कडी साधनात होती. ती मुळातून लावलेली नव्हती आणि बांधणाऱ्यांनी लावली नाही. तेव्हा दोष केवळ नवशिक्यांचा नव्हता. यातून घ्यावयाचा बोध असा की, दुसऱ्याची माहिती ज्यात साठते ते काम बांधणाऱ्याखेरीज आणखी एकाने तपासल्याशिवाय खुले करू नये. आणि पाणीपाळीच्या वहीला आधार क्रमांकाची व बँक खात्याची गरज नसेल तर ते मागूच नयेत. सामान्य माणसाच्या हाती साधन देऊच नये, हा निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही.

दुसरी वाट

खंडाच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते महाराष्ट्रातच सापडते. मुंबईतील 'फ्रापे' ही कंपनी २००८ पासून 'ईआरपीनेक्स्ट' हे हिशेब व व्यवस्थापनाचे मुक्त सॉफ्टवेअर विकसित करीत आली आहे. संस्थापक रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून या कामाला आरंभ केला. ज्या पायावर ते उभे आहे, त्यात नवा नमुना ब्राउझरमध्ये बसूनच आखता येतो. अलीकडे पाने ओढून-ठेवून रचण्याचे 'बिल्डर' हे साधनही तिने दिले आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की, याचा मूळ मजकूर खुला आहे आणि कोणीही तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकतो. कंपनीने उद्या दर वाढवले किंवा दुकान बंद केले, तरी खोदलेली विहीर खोदणाऱ्याकडेच राहते.

मुक्त म्हणजे विनाखर्च नव्हे. सर्व्हर चालता ठेवणे, रोज प्रत काढून ठेवणे, वीज गेली तर पर्याय असणे, हे एकट्या गावच्या संस्थेला झेपणारे नाही. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखानाही झेपत नव्हता. म्हणून प्रवरानगर उभे राहिले. सामायिक यंत्रसामग्री सहकाराने उभारण्याची रीत या राज्याला ठाऊक आहे. त्याच कारखान्यांतून पुढे सहकारसम्राट कसे निपजले, हेही ठाऊक आहे. म्हणून नोंदी सभासदांना खुल्या असणे ही येथे पहिल्या दिवसापासूनची अट हवी.

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. देशभर एकच सॉफ्टवेअर, हे तिचे सूत्र. लेखापरीक्षणासाठी हिशेब एकसारखा असावा, हे योग्यच आहे. परंतु सोसायटीचे पेरणी यंत्र कोणाला केव्हा दिले, बियाण्याची तक्रार कोणी केली, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले कोठे आहेत, हे रकाने दिल्लीत सुचणार नाहीत. ते गावातच सुचतात.

त्यासाठी चार गोष्टींची मागणी झाली पाहिजे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेने असेच साधन वापरावे की, ज्यातून माहिती आणि रचना दोन्ही बाहेर नेता येतील. लातूर-नांदेडच्या संस्थांसाठी एक सामायिक सर्व्हर असावा आणि त्याची देखभाल स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने व त्याच्या महाविद्यालयांनी सहकारी संस्थांच्या भागीदारीत करावी. या साधनांचे मराठीकरण व प्रशिक्षण हे सरकारी काम मानले जावे. शालेय शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर रुजवून केरळने ते शक्य असल्याचे दाखवले आहे. आणि कोणताही नमुना पक्का करण्यापूर्वी तो ग्रामसभेपुढे, ज्यांची नोंद व्हायची त्यांच्यापुढे, वाचला जावा.

पाणीपाळीच्या वहीत 'कसणारा' हा रकाना घातल्याने जमिनीची मालकी बदलणार नाही. मात्र चार हंगामांच्या नोंदी हाती असलेला बटईदार तहसील कचेरीत जाईल, तेव्हा तो विनवणी करण्यासाठी जाणार नाही. पुरावा घेऊन जाईल.