नोहाचे तारू आणि मनूची नौका

इस्लापूरहून एका वाचकांनी विचारणा केली आहे की, बायबलातील नोहाचे तारू समुद्रावर खरोखर टिकले असते काय? घरातील तरुण मंडळी ही कथा हसण्यावारी नेतात आणि धर्मकथांची अशी मोजणी वडीलधाऱ्यांना रुचत नाही, असेही ते लिहितात.

प्रथम हिशेब पाहू. बायबलाच्या ‘उत्पत्ती’ या भागात तारवाची लांबी ३००, रुंदी ५० व उंची ३० हात दिली आहे. हात दीड फुटाचा धरल्यास लांबी ४५० फूट होते. एवढी पेटी शांत पाण्यावर तरंगेल, यात नवल नाही. खरी अडचण लाटांची. लाट मध्याखाली आली की दोन्ही टोके खाली वाकतात. दोन लाटा टोकांखाली आल्या की मध्य खचतो. या ओढाताणीत फळ्यांचे सांधे उकलतात व पाणी आत शिरते. अमेरिकेत १९०९ साली बांधलेले ‘वायोमिंग’ हे लाकडी शिडाचे जहाज सुमारे ३५० फूट लांब होते. त्याला पोलादी पट्ट्यांचा आधार असूनही आतील पाणी पंपाने उपसावे लागे. १९२४ साली ते वादळात सर्व खलाशांसह बुडाले. मग त्याहून लांब, केवळ लाकूड व डांबर यांच्या तारवाचा खवळलेल्या समुद्रात निभाव लागणे कठीण, असेच आम्हांस वाटते.

मात्र हीच मोजपट्टी आपल्या घरीही लावली पाहिजे. शतपथ ब्राह्मणात मनूच्या नौकेचे माप दिलेलेच नाही. मत्स्याच्या शिंगाला दोर बांधून ती उत्तरेकडील पर्वताशी पोहोचली, एवढेच सांगितले आहे. माप नाही म्हणून गणित तेथे थांबते. पण त्यामुळे कथा सिद्ध होत नाही. परक्याच्या तारवाला गणित आणि आपल्या नौकेला नमस्कार, हा न्याय नव्हे.

बॅबिलोनच्या एका मृत्तिकापट्टिकेवर तर हीच नौका टोपलीसारखी गोल वर्णिली आहे. जेथे नद्या माजतात तेथे अशा कथा रुजतात. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाशी भर पावसाळ्यात कोसळणारी पैनगंगा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

तेव्हा मुलांनी खुशाल गणित करावे. वडिलांनी रागावू नये. हात धुताना ओंजळीत आलेल्या इवल्या मासोळीला मनूने जगविले, आणि पुढे तिनेच त्याला तारिले. नौका किती हात लांब होती, यावर त्या कथेचा बोध मुळीच अवलंबून नाही.