मॅरेथॉनसाठी महापालिकेकडे काय मागावे?

मॅरेथॉनचे मैदान म्हणजे शहराचा रस्ता. त्यामुळे आयोजक कितीही तयारीचा असला तरी महापालिकेच्या मदतीवाचून ही स्पर्धा पार पडत नाही. ही मदत कोणत्या रूपात मागावी, याचा मात्र फारसा विचार होत नाही. निवेदनात बहुधा रोख अनुदान मागितले जाते आणि ते मंजूर झाले नाही की महापालिका खेळाबाबत उदासीन असल्याची ओरड सुरू होते. वास्तविक स्थानिक मॅरेथॉनला पालिकेच्या पैशापेक्षा तिच्या यंत्रणेची गरज कितीतरी अधिक असते. मागणीही तीच असायला हवी.

याचे एक कारण कायद्यात सापडते. मुंबई वगळता राज्यातील महापालिका ज्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली चालतात, त्याच्या कलम 63 मध्ये बंधनकारक कर्तव्ये आणि कलम 66 मध्ये ऐच्छिक कामे दिली आहेत. स्पर्धेला अनुदान देणे फार तर ऐच्छिक कामांत बसते. तिजोरीत खडखडाट झाला किंवा आयुक्त बदलले, की पहिली कात्री अशाच कामांना लागते. रस्त्यांची झाडलोट, डागडुजी आणि दिवाबत्ती ही कामे मात्र बंधनकारक आहेत. स्पर्धेच्या मार्गावर ती आठवडाभर आधी उरकण्यासाठी वेगळ्या तरतुदीची गरज नसते, वेळापत्रक तेवढे बदलावे लागते.

सगळा भार पालिकेवर टाकला की काय होते, ते ठाण्यात दिसले. तेथील वर्षा मॅरेथॉन महापालिका स्वतः भरवते आणि ती अनेक वर्षे शहराची ओळख होती. 2019 नंतर मात्र ती थेट ऑगस्ट 2025 मध्ये धावली. सुरुवातीचा काळ कोविडचा होता, हे खरे. पण मुंबई मॅरेथॉन जानेवारी 2023 मध्ये पुन्हा सुरू झाल्यानंतरही ठाणेकरांचे आणखी दोन पावसाळे शर्यतीविना गेले. याउलट साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 मध्ये धावपटूंच्याच संस्थेने सुरू केली. यवतेश्वरच्या घाटातून कासच्या रस्त्याला जाणारी ही शर्यत भरवणारे स्वतः धावणारे आहेत, म्हणून ती टिकली.

लंडनचा दाखला येथे उपयोगी पडतो. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली यांनी तेथे मॅरेथॉनची कल्पना मांडली तेव्हा ग्रेटर लंडन कौन्सिलचे प्रमुख होरेस कटलर यांनी पाठिंबा दिला, पण करदात्यांच्या खिशाला झळ बसता कामा नये, अशी अट घातली. पैसा प्रायोजकाकडून आला. 29 मार्च 1981 रोजी पहिली शर्यत झाली आणि सहा हजारांहून अधिक जणांनी ती पूर्ण केली. न्यूयॉर्कची मॅरेथॉन 1970 मध्ये सेंट्रल पार्कच्या आतच गोल गोल फिरत होती. 127 जणांनी सुरुवात केली आणि 55 जण शेवटपर्यंत पोहोचले. 1976 मध्ये शहराने तिला पाचही विभागांतले रस्ते मोकळे करून दिले आणि स्पर्धेचा आकारच बदलला. दोन्ही शहरांनी दिलेली मोठी देणगी रस्त्याचीच होती.

असे काही आपल्याकडे जमणार नाही, ही सबब टिकणारी नाही. दरवर्षी ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. फिरती शौचालये, पाण्याचे टँकर, वैद्यकीय पथके, पालख्या पुढे गेल्यावर लगेच होणारी साफसफाई, वळवलेली वाहतूक हे सारे महापालिका आणि पोलिस मिळून पार पाडतात. लाखो वारकऱ्यांसाठी उभी राहणारी यंत्रणा काही हजार धावपटूंसाठी रविवारच्या पहाटे चार-सहा तास उभी करणे अशक्य नाही. फरक एवढाच की वारीला नोंदणी शुल्क नसते आणि मॅरेथॉनला असते. शुल्क घेणाऱ्या आयोजकाला ही सेवा फुकट द्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण तिचे दर लेखी आणि आधी जाहीर केलेले असावेत, ही अपेक्षा रास्तच आहे.

खरा आक्षेप रस्ते बंद होण्याचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेतील 11 शहरांमधल्या मॅरेथॉनचा 2002 ते 2012 या काळातला एक अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 2017 साली प्रसिद्ध झाला. हृदयविकाराचा झटका किंवा हृदय बंद पडल्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्ध रुग्णांचे 30 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण एरवी 24.9 टक्के होते. स्पर्धेच्या दिवशी दाखल झालेल्यांत ते 28.2 टक्के आढळले. सकाळच्या वेळी रुग्णवाहिकांना रुग्णालय गाठायला सरासरी 4.4 मिनिटे जास्त लागत होती. हे रुग्ण धावपटू नव्हते, मार्गाच्या आसपास राहणारे नागरिक होते. स्पर्धा नाकारावी, असा या आकड्यांचा अर्थ काढणे घाईचे होईल. रुग्णालयांचे रस्ते, बंद मार्ग ओलांडण्याच्या जागा आणि रुग्णवाहिका आली की धावपटूंना क्षणभर थांबवणारे स्वयंसेवक यांची आखणी एकट्या आयोजकाला जमत नाही, हा त्यांचा अर्थ आहे. शहराचा नकाशा आणि आरोग्य विभाग ज्याच्या हाती, त्याने ती करायची असते. शेवटचा धावपटू पुढे गेला की मागचा रस्ता टप्प्याटप्प्याने खुला करणे हाही याच आखणीचा भाग आहे. आपल्याकडे मात्र शर्यत संपल्यावरही बॅरिकेड तासभर तसेच पडून राहतात आणि नागरिकांचा राग आयोजकाच्या नावावर जमा होतो.

धावपटूंच्या सुरक्षेचेही असेच आहे. जानेवारी 2024 मधल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दोन धावपटूंचा मृत्यू झाला. अमेरिकेतील 2000 ते 2010 या काळातल्या सुमारे एक कोटी नऊ लाख सहभागींच्या नोंदींत हृदय बंद पडण्याच्या 59 घटना सापडल्या, म्हणजे धोका विरळा आहे. पण तो ओढवला की शेजारच्या माणसाने छातीवर दाब देऊन केलेला प्रथमोपचार निर्णायक ठरतो. पालिकेच्या रुग्णालयांतले प्रशिक्षित कर्मचारी मार्गावर ठरावीक अंतराने उभे राहिले, तर ते कोणत्याही रोख अनुदानापेक्षा मोलाचे ठरेल.

मार्ग कायम ठेवणे ही आणखी एक दुर्लक्षित गरज आहे. 42.195 किलोमीटरचे अंतर प्रमाणित करण्यासाठी चाकाचे फेरे मोजणारा जोन्स काउंटर बसवलेल्या सायकलने वळणावळणावर सर्वांत कमी अंतराची रेषा धरून मोजणी होते. अंतर चुकूनही कमी भरू नये म्हणून त्यात हजारात एक भाग, म्हणजे सुमारे 42 मीटर, जादा धरतात. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते, पण मार्ग तोच राहिला तरच. स्पर्धेच्या पंधरवडाभर आधी पथ विभागाने केबलसाठी खोदाईला परवानगी दिली आणि धावपटूंना वळसा पडला, की मोजणीचा खर्च पाण्यात जातो. मार्गावरील खोदाईला स्पर्धेआधी महिनाभर बंदी घालायला पालिकेला एक रुपयाही लागत नाही.

राहिले परवानग्यांचे. वाहतूक पोलिस, स्थानिक पोलिस ठाणे, अग्निशमन दल, घनकचरा विभाग, आकाशचिन्ह विभाग अशा प्रत्येक दारी स्वतंत्र अर्ज आणि प्रत्येकाची ना-हरकत वेगळी. गणेशमंडळांच्या मंडपांसाठी अनेक महापालिकांनी एक खिडकी योजना राबवली आहे. तीच खिडकी मॅरेथॉनला खुली करावी. अर्ज सहा महिने आधी घ्यावा आणि निर्णय ठरावीक मुदतीत लेखी कळवावा. बदल्यात आयोजकाकडून अनामत घ्यावी. दुपारपर्यंत रस्ता कागदी पेले आणि बाटल्यांपासून मोकळा न झाल्यास ती जप्त करावी. नोंदणी शुल्क, प्रायोजकांचा पैसा आणि खर्च यांचा तपासलेला हिशेब तीन महिन्यांत जाहीर करण्याची अट घालावी. हिशेब न देणाऱ्या आयोजकाचा पुढच्या वर्षीचा अर्ज खिडकीवरच परत करावा, मग त्याच्या व्यासपीठावर कोणीही मान्यवर बसलेले असोत.