हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि भरतीचे वेळापत्रक

श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग म्हणजे लहान मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना झेपणारी कड्याखालची फेरी. देवळामागच्या पायऱ्या चढायच्या, खडकाच्या चिरेतून खाली उतरायचे आणि लाटांनी जाळीसारख्या कोरलेल्या कातळावरून वळसा घालून परतायचे. वाट सोपी आहे, पण ती ओहोटीपुरतीच. भरतीत हाच कातळ पाण्याखाली जातो आणि इथे माणसे वाहून गेली आहेत. कोकणातला कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला भर दुपारीच भरती, तीही उधाणाची. घड्याळ तेच, धोका मात्र उलटा. शहरातून आलेल्या कुटुंबाला हे कसे कळावे?

‘धोका’ लिहिलेली कायमची पाटी त्यासाठी पुरत नाही, कारण ती सुरक्षित वेळीही तेच सांगते आणि मग कुणी तिच्याकडे पाहत नाही. कठडे बांधा, असे काही जण म्हणतात. पण खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजते, लाट कठड्यावरूनही येते, आणि सिमेंटखाली निसर्गाचे ते दुर्मीळ कोरीवकाम गाडले जाईल. पर्यटक सूचना वाचत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच रोजच्या वेळांचा फलक हवा आणि भरतीच्या वेळी पायऱ्यांशी दोर लावून उभा राहणारा, समुद्र जाणणारा गावातलाच पगारी माणूस हवा. पर्यटन खात्याने आणि ग्रामपंचायतीने येत्या हंगामाआधी एवढे करावेच.