हायस्कूलची वर्षे आणि शेजारची भाषा



हायस्कूलची वर्षे केवळ गुणपत्रिकेसाठी नसतात. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी व कोलामी या भाषा नांदतात. तरीही ‘तेलुगू उत्तीर्ण होण्यापुरती आली की पुरे’ असे उद्गार कानी पडतात, तेव्हा आम्हांस खेद वाटतो. उद्या कचेरीत, दवाखान्यात हीच भाषा तुमच्या कामी यावयाची आहे.

परभाषेच्या नादाने मराठी मागे पडेल, अशी भीती काही पालकांस वाटते. आमची घरची भाषा कोंकणी; मराठीत शिकलो म्हणून ती दुरावली नाही. सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) या जिल्ह्यात सरकारी अधिकारी असता गोंडी व कोलामी शिकले, त्यांची व्याकरणे लिहिली. आणि मराठीतही विपुल ग्रंथरचना केली.

म्हणून रोज पाच नवे शब्द वहीत टिपा. वर्गाबाहेरच्या मित्राशी त्याच्या भाषेत बोला. तो हसला तर तुम्हीही हसा, पण बोलणे सोडू नका. एवढे साधले, तरी ही पाच वर्षे सार्थकी लागली असे आम्ही समजू.